प्रकल्प नोंदी: मेम्ब्रेन बायोरिॲक्टरमधून नायट्रोजन आणि फॉस्फरस काढताना

४ ऑगस्ट

मेम्ब्रेन बायोरिॲक्टरच्या, म्हणजे जिवाणूंनी शुद्ध केलेले सांडपाणी बारीक छिद्रांच्या पडद्यातून (मेम्ब्रेनमधून) ओढून घेणाऱ्या, प्रायोगिक संयंत्राची जोडणी आज पूर्ण झाली. दिवसाला २० घनमीटर सांडपाणी घेण्याची त्याची क्षमता आहे. पाणी आधी १ मिलिमीटरच्या चाळणीतून, मग ३ घनमीटरच्या ॲनॉक्सिक (हवा न दिलेल्या, पण नायट्रेट असलेल्या) टाकीतून, ४ घनमीटरच्या वायुवीजन (हवा दिलेल्या) टाकीतून आणि शेवटी १ घनमीटरच्या मेम्ब्रेन टाकीतून जाते. मेम्ब्रेनचे एकूण क्षेत्रफळ ५० चौरस मीटर असल्यामुळे सरासरी फ्लक्स (मेम्ब्रेनमधून जाणारा प्रवाह) दर चौरस मीटरला तासाला सुमारे १६.७ लिटर पडतो. पंप ९ मिनिटे पाणी ओढेल आणि १ मिनिट थांबेल, म्हणजे मेम्ब्रेनच्या पोकळ तंतूंवर बसू लागलेला गाळ त्या एका मिनिटात खालून येणाऱ्या बुडबुड्यांनी सुटू शकेल.

उद्दिष्ट असे ठरले आहे की बाहेर पडणाऱ्या पाण्यात एकूण नायट्रोजन लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत आणि एकूण फॉस्फरस ०.५ मिलिग्रॅमच्या आत असावा. येणाऱ्या सांडपाण्याची सरासरी सीओडी (सेंद्रिय द्रव्य जाळायला लागणारा ऑक्सिजन) ४२०, सेंद्रिय नायट्रोजन आणि अमोनिया मिळून ४६, फॉस्फरस ६.२ आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) कॅल्शियम कार्बोनेट म्हणून २३० आहे. पुढच्या नोंदींत जिथे एकक लिहिलेले नाही तिथे मिलिग्रॅम प्रति लिटर समजावे, आणि अमोनिया व नायट्रेटचे आकडे नायट्रोजनच्या हिशेबात आहेत असे धरावे.

एक गोष्ट सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण संयंत्र पाहायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात तिच्याबद्दल गैरसमज असतो. मेम्ब्रेन नायट्रेट किंवा विरघळलेला फॉस्फेट अडवत नाही. तिची छिद्रे मायक्रॉनच्या दशांशाच्या आसपासची असतात आणि हे आयन त्यांतून पाण्याबरोबर सहज निघून जातात. मेम्ब्रेन अडवते तो गाळ. तो पूर्णपणे अडल्यामुळे टाकीत लिटरला ८ ते १२ ग्रॅम जिवाणूमय घनपदार्थ सांभाळता येतो आणि निवळण टाकीची गरज उरत नाही. पोषकद्रव्ये काढण्याचे काम शेवटी जिवाणूंनीच करायचे आहे, आणि त्यांना योग्य टाकीत योग्य परिस्थिती देणे हाच या प्रकल्पाचा खरा विषय आहे.

११ ऑगस्ट

चालू संयंत्रातून आणलेला सक्रिय, म्हणजे जिवंत जिवाणूंचा, गाळ भरून आठवडा झाला. बाहेर पडणारे पाणी पहिल्या दिवसापासून काचेसारखे स्वच्छ दिसते, पण त्यात अमोनिया अजून १९ आहे. नायट्रीकरण करणारे, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट बनवणारे, जिवाणू सावकाश वाढतात, त्यामुळे घाई करण्यात अर्थ नाही. चाळणीच्या कडेने केस आत शिरत असल्याचे दिसले. केसांचे पीळ एकदा तंतूंभोवती गुंडाळले गेले की ते हाताने सोडवावे लागतात, म्हणून कडेचे रबर बदलून घेतले.

२ सप्टेंबर

नायट्रीकरण आता पूर्ण होत आहे. अमोनिया सलग सहा दिवस ०.४ च्या खाली आहे. गाळाचे वय (गाळ संयंत्रात सरासरी किती दिवस राहतो ते) २० दिवसांवर स्थिर ठेवण्यासाठी मेम्ब्रेन टाकीतून रोज ३३० लिटर गाळ काढतो. वायुवीजन टाकीत घनपदार्थ लिटरला ८ ग्रॅम आणि मेम्ब्रेन टाकीत १० ग्रॅम आहेत. मेम्ब्रेन टाकीतून ॲनॉक्सिक टाकीत जाणारा परतीचा प्रवाह आवकेच्या (येणाऱ्या सांडपाण्याच्या) चौपट असल्यामुळे हे गुणोत्तर पाचास चार असायलाच हवे होते आणि तसे ते आहे.

नायट्रेट मात्र १३.७ आहे, आणि हा आकडा हिशेबाशी जुळत नाही. ४६ पैकी साधारण ९ नायट्रोजन वाढणाऱ्या गाळात जातो आणि सुमारे १ विरघळलेल्या सेंद्रिय रूपात तसाच राहतो, तेव्हा ३६ चे नायट्रेट होते. मेम्ब्रेन टाकीतून आवकेच्या चौपट गाळमिश्रित पाणी ॲनॉक्सिक टाकीत परत येते. म्हणजे तयार झालेल्या नायट्रेटच्या पाच भागांपैकी चार परत येऊन तिथे नष्ट होऊ शकतात आणि एक भाग बाहेर जातो. ३६ चा पाचवा भाग ७.२ होतो. ॲनॉक्सिक टाकी पुढे ठेवून मागचे नायट्रेट तिच्याकडे वळवण्याच्या, म्हणजे मॉडिफाइड लुडझॅक-एटिंगर पद्धतीच्या, रचनेची ही अंगभूत मर्यादा आहे, पण आपण अजून त्या मर्यादेच्या जवळही पोहोचलेलो नाही.

ॲनॉक्सिक टाकीच्या शेवटी घेतलेल्या नमुन्यात नायट्रेट फक्त ०.६ आढळले. त्यावरून असे वाटते की टाकीत जेवढे नायट्रेट येते तेवढे सगळे संपते, आणि कमतरता ते आणून देणाऱ्या प्रवाहाची आहे. म्हणून परतीचा प्रवाह चौपटीवरून सहापट करण्याचे ठरवले.

९ सप्टेंबर

परतीचा प्रवाह सहापट करून पाच दिवस झाले. नायट्रेट कमी होण्याऐवजी १५.९ झाले आहे. ऑपरेटरचे म्हणणे असे की आणखी दोन दिवस थांबून पाहावे. मला ते पटत नाही, कारण प्रवाह बदलल्यावर नायट्रेटची पातळी काही तासांतच नवीन जागी स्थिरावते. त्यासाठी गाळाच्या वयाएवढी वाट पाहावी लागत नाही.

१० सप्टेंबर

रात्री २ तारखेचे आकडे पुन्हा मांडले आणि चूक सापडली. बाहेरच्या पाण्यातले नायट्रेट म्हणजे ॲनॉक्सिक टाकीतून पुढे आलेले नायट्रेट आणि वायुवीजन टाकीत नव्याने तयार झालेले नायट्रेट यांची बेरीज असते. चौपट परतीत नव्याने तयार होणारा भाग ७.२ आहे. ॲनॉक्सिक टाकीच्या शेवटी खरोखर ०.६ असते तर बाहेर ७.८ मिळायला हवे होते, १३.७ नव्हे. दोन्ही मोजमापे एकाच वेळी खरी असणे शक्य नव्हते. हा ताळा त्याच दिवशी घेतला असता तर एक आठवडा वाचला असता.

संशय नमुन्यावर आहे. ॲनॉक्सिक टाकीतला नमुना म्हणजे लिटरला ८ ग्रॅम जिवंत गाळ. झाकण लावून ठेवलेल्या बाटलीत त्याला हवा मिळत नाही, नायट्रेट मात्र मिळते, आणि तो ते वापरत राहतो. आपल्याकडे नमुना प्रयोगशाळेत पोहोचून गाळला जाईपर्यंत चाळीस मिनिटे जातात.

१२ सप्टेंबर

परतीचा प्रवाह पुन्हा चौपट केला होता. आज ॲनॉक्सिक टाकीच्या शेवटचा नमुना टाकीच्या काठावरच सिरिंजला लावलेल्या ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळला. त्यात नायट्रेट ६.४ निघाले. त्याच बादलीतला दुसरा नमुना मुद्दाम चाळीस मिनिटे ठेवून मग गाळला, तर ०.८. संशय खरा ठरला.

आजपासून गाळ असलेला कोणताही नमुना टाकीवरच गाळायचा, आणि गाळल्याची वेळ नोंदवहीत लिहायची. सौम्य गाळाच्या जुन्या पद्धतीच्या संयंत्रात ही दिरंगाई कदाचित खपून जाते, पण मेम्ब्रेन बायोरिॲक्टरमध्ये गाळ इतका दाट असतो की बाटली म्हणजे एक छोटी ॲनॉक्सिक टाकीच होते.

१५ सप्टेंबर

आता प्रश्न नीट मांडता येतो. नायट्रेट ॲनॉक्सिक टाकीत पुरेसे येते, पण त्यातले बरेचसे न वापरताच पुढे जाते. याची दोन कारणे असू शकतात. एक तर विनायट्रीकरणासाठी (जिवाणूंनी नायट्रेटचा नायट्रोजन वायू करण्यासाठी) लागणारा कार्बन कमी पडत असेल, किंवा तो दुसऱ्याच कशावर खर्च होत असेल. सीओडी आणि नायट्रोजन यांचे गुणोत्तर ९ च्या वर आहे, त्यामुळे मूळ सांडपाण्यात कार्बनची टंचाई असण्याचे कारण दिसत नाही.

म्हणून आज सकाळी विरघळलेला ऑक्सिजन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजत गेलो. वायुवीजन टाकीच्या शेवटी १.५, मेम्ब्रेन टाकीत ५.१, परतीच्या नळाच्या तोंडाशी ५.० आणि ॲनॉक्सिक टाकीत नळ पडतो त्या कोपऱ्यात ०.७.

उत्तर या आकड्यांत आहे. मेम्ब्रेनच्या तंतूंवर गाळ साचू नये म्हणून खालून सतत जाड बुडबुडे सोडावे लागतात. ती हवा घासण्यासाठी असते, जिवाणूंसाठी नसते, पण पाण्याला हा फरक कळत नाही आणि ते ऑक्सिजनने भरून जाते. हे पाणी आवकेच्या चौपट प्रमाणात थेट ॲनॉक्सिक टाकीत पडते. म्हणजे येणाऱ्या प्रत्येक लिटर सांडपाण्यामागे २० मिलिग्रॅम ऑक्सिजन तिथे जातो. ऑक्सिजन उपलब्ध असताना जिवाणू नायट्रेटला हात लावत नाहीत, आणि सहज पचणारा कार्बन आधी ऑक्सिजनवर जाळतात. इलेक्ट्रॉन स्वीकारण्याच्या हिशेबात १ ग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन २.८६ ग्रॅम ऑक्सिजनच्या बरोबरीचा असतो, म्हणून २० मिलिग्रॅम ऑक्सिजन म्हणजे ७ मिलिग्रॅम नायट्रोजन काढण्याची क्षमता वाया गेली. ७.२ मध्ये ७ मिळवले की १४.२ होतात, आणि आपल्याला १३.७ मिळत होते. परतीचा प्रवाह सहापट केल्यावर आपण लिटरमागे ३० मिलिग्रॅम ऑक्सिजन आत ढकलत होतो, त्यामुळे नायट्रेट वाढले यात नवल नाही.

मेम्ब्रेन बायोरिॲक्टरची सुरुवात १९६० च्या दशकाच्या अखेरीस झाली तेव्हा मेम्ब्रेन टाकीबाहेर असायची आणि गाळ दाबाने तिच्यातून फिरवला जायचा. १९८९ मध्ये यामामोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोकळ तंतू थेट वायुवीजन टाकीत बुडवून हलक्या चोषणाने पाणी ओढून दाखवले, आणि ऊर्जेचा खर्च खूप उतरल्यामुळे ही पद्धत जगभर पसरली. बुडवलेल्या तंतूंना घासणारी हवा मात्र तेव्हापासून या रचनेचा कायमचा भाग झाली, आणि विनायट्रीकरण करायचे असेल तर तिचा हिशेब आधीच धरावा लागतो. आमच्या मूळ आराखड्यात तो धरलेला नव्हता. एकच परतीचा नळ पुरेल असे मानले होते.

२२ सप्टेंबर

नळजोडणी बदलली. मेम्ब्रेन टाकीचा परतीचा गाळ आता वायुवीजन टाकीच्या सुरुवातीला पडतो. तिथे त्याच्यातला ऑक्सिजन वाया न जाता वापरला जातो. वायुवीजन टाकीच्या शेवटच्या भागातून वेगळ्या पंपाने आवकेच्या चौपट प्रवाह ॲनॉक्सिक टाकीत सोडला आहे. हे पाणी ज्या ठिकाणाहून उचलतो तिथली हवा थोडी कमी करून ऑक्सिजन १.२ च्या आसपास ठेवला आहे.

या बदलाची एक किंमत आहे. पूर्वी ॲनॉक्सिक टाकीला मेम्ब्रेन टाकीतला सर्वांत दाट गाळ मिळायचा, आता वायुवीजन टाकीतला तुलनेने पातळ गाळ मिळेल. एकूण गाळ तेवढाच धरला तर ॲनॉक्सिक टाकीत ८ ऐवजी ६.९ ग्रॅम राहतील आणि मेम्ब्रेन टाकीत १० ऐवजी १०.८. विनायट्रीकरणासाठी थोडे कमी जिवाणू आणि मेम्ब्रेनसमोर थोडा जास्त दाट गाळ, अशी ही तडजोड आहे. ऑक्सिजनची अडचण दूर होत असेल तर ती मान्य करावी असे माझे मत आहे.

६ ऑक्टोबर

नायट्रेट ८.४, अमोनिया ०.३, सेंद्रिय नायट्रोजन १.१, म्हणजे एकूण ९.८. ॲनॉक्सिक टाकीच्या शेवटी, टाकीवरच गाळलेल्या नमुन्यात, १.१. उद्दिष्ट गाठले, पण काठावर.

१३ ऑक्टोबर

वायुवीजन टाकीतून ॲनॉक्सिक टाकीकडे जाणारा प्रवाह चौपटीवरून पाचपट केला. सप्टेंबरमध्ये प्रवाह वाढवल्यावर नुकसान झाले होते, आज त्याच गोष्टीचा फायदा झाला. नायट्रेट ६.८ वर आले आणि एकूण नायट्रोजन ८.२ झाला. आता ॲनॉक्सिक टाकीत खरोखर नायट्रेट जवळजवळ उरत नाही, त्यामुळे तिला आणखी नायट्रेट देण्यात अर्थ आहे. सहापट करण्याचा आग्रह मी धरला नाही. ३६ चा सहावा भाग ६ आणि सातवा ५.१, म्हणजे पुढच्या पायरीवर जेमतेम ०.९ चा लाभ होता, आणि त्यासाठी पंपाची वीज व सोबत येणारा ऑक्सिजन दोन्ही वाढले असते.

२० ऑक्टोबर

विनायट्रीकरण सुधारल्याचे दोन परिणाम इतर नोंदींतही दिसू लागले आहेत. १ ग्रॅम अमोनियाचे नायट्रेट होताना ७.१४ ग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते आणि १ ग्रॅम नायट्रेट नष्ट होताना ३.५७ ग्रॅम परत मिळते. बाहेरच्या पाण्यातली अल्कलिनिटी सप्टेंबरच्या सुरुवातीला ५५ होती, आता ७५ आहे. वायुवीजन टाकीचा ब्लोअरही पूर्वीपेक्षा कमी वेगाने चालतो, कारण मेम्ब्रेन टाकीतला ऑक्सिजन आता कामी येतो आणि काही सीओडी नायट्रेटच्या साहाय्यानेच जळते.

२३ ऑक्टोबर

फॉस्फरसकडे वळतो. बाहेरच्या पाण्यात तो ३.७ आहे. गाळाच्या सर्वसाधारण वाढीत जेवढा जातो तेवढाच काढला जातो आहे. सगळा फेरिक क्लोराइडने (लोहाच्या क्षाराने) काढायचा म्हटले तर १ ग्रॅम फॉस्फरसमागे सिद्धांताने १.८ ग्रॅम लोह लागते आणि ०.५ च्या खाली जायचे तर प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी जास्त. त्याबरोबर रासायनिक गाळ वाढतो, आणि १ मिलिग्रॅम लोहामागे २.७ मिलिग्रॅम अल्कलिनिटी जाते. म्हणून आधी जिवाणूंकडून जेवढा निघेल तेवढा काढावा आणि उरलेल्यासाठी रसायन वापरावे, असे ठरले.

सुरुवातीला १ घनमीटरची ॲनेरोबिक (ऑक्सिजन आणि नायट्रेट दोन्ही नसलेली) टाकी जोडली. सांडपाणी आता आधी तिच्यात येते. गाळ तिला ॲनॉक्सिक टाकीच्या शेवटून मिळतो, आवकेएवढ्या प्रवाहाने. ही मांडणी केप टाउन विद्यापीठात विकसित झालेल्या पद्धतीची आहे, आणि तिचे सगळे मर्म या एका नळात आहे. फॉस्फरस साठवणाऱ्या जिवाणूंना नायट्रेट आणि ऑक्सिजन दोन्ही नसलेल्या ठिकाणी वाष्पशील आम्ले (सहज पचणारी लहान सेंद्रिय आम्ले) मिळाली पाहिजेत. नायट्रेट आत आले तर विनायट्रीकरण करणारे जिवाणू ती आम्ले आधी खाऊन टाकतात. ॲनॉक्सिक टाकीच्या शेवटी ६.४ नायट्रेट असताना ही टाकी जोडली असती तर तिचा काहीच उपयोग झाला नसता. आता तिथे ०.८ असते.

१४ नोव्हेंबर

तीन आठवडे काहीच घडत नाही असे वाटत होते. आज ॲनेरोबिक टाकीत विरघळलेला फॉस्फेट १४ आढळला, येणाऱ्या पाण्यापेक्षा दुपटीहून अधिक. नवख्या माणसाला हा आकडा पाहून काही बिघडल्यासारखे वाटेल, पण मला तो पाहून फार आनंद झाला. हे जिवाणू आम्ले आत घेताना लागणारी ऊर्जा पेशीत साठवलेले पॉलिफॉस्फेट तोडून मिळवतात आणि फॉस्फेट बाहेर सोडतात. पुढे हवा मिळाली की सोडल्यापेक्षा जास्त परत शोषून घेतात. बाहेरच्या पाण्यात आज १.९ आहे.

२४ नोव्हेंबर

फॉस्फरस १.२ वर थांबला आहे. वायुवीजन टाकीच्या शेवटच्या भागात फेरिक क्लोराइड देणे सुरू केले, लोहाच्या हिशेबात लिटरला ४ मिलिग्रॅम. तयार होणारा अवक्षेप (न विरघळणारे कण) मेम्ब्रेन अडवते, त्यामुळे निवळण टाकीतून निसटणाऱ्या बारीक कणांचा प्रश्न इथे येत नाही. पोषकद्रव्यांच्या बाबतीत मेम्ब्रेनचा थेट उपयोग होतो तो इथेच. अल्कलिनिटीत सुमारे ११ ची घट अपेक्षित आहे, आणि ऑक्टोबरमध्ये मिळालेल्या २० मधून ती भागते.

काढून टाकायचा गाळ साठवताना एक काळजी घ्यावी लागते. तो हवेविना पडून राहिला तर साठवलेला फॉस्फेट पुन्हा पाण्यात सुटतो, आणि ते पाणी संयंत्राच्या सुरुवातीला परत आले की तोच फॉस्फरस पुन्हा काढावा लागतो. गाळ रोजच्या रोज दाबून पाणी वेगळे करण्याची सूचना दिली.

८ डिसेंबर

फॉस्फरस ०.४ वर स्थिर आहे. मात्र मेम्ब्रेनवरचा चोषणदाब १२ किलोपास्कलवरून २१ वर गेला आहे. पाण्याचे तापमान या काळात २५ अंशांवरून १७ वर आले. थंड पाणी कमी सहजपणे वाहते, आणि एवढ्या फरकाने त्याची श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) सुमारे एकपंचमांशाने वाढते, म्हणजे दाब १२ चा १४.६ होणे स्वाभाविक होते. उरलेली वाढ साचलेल्या थराची आहे.

हायपोक्लोराइटने नेहमीची साफसफाई केली तर दाब फक्त १९ पर्यंत उतरला. हायपोक्लोराइट सेंद्रिय थर काढते, लोहाला ते काही करत नाही. दुसऱ्या दिवशी सायट्रिक आम्लाने धुतल्यावर दाब १५ झाला. फेरिक देणारी नळी मेम्ब्रेन टाकीकडे जाणाऱ्या प्रवाहाच्या फार जवळ होती, ती दोन मीटर मागे नेली, म्हणजे लोह नीट मिसळून गाळाला चिकटायला वेळ मिळेल.

१५ डिसेंबर

हायपोक्लोराइटच्या धुलाईनंतरच्या सकाळी अमोनिया १.८ होता, दुसऱ्या दिवशी ०.४. धुलाईचे द्रावण तंतूंच्या आतून बाहेर थेट गाळात जाते आणि नायट्रीकरण करणारे जिवाणू क्लोरीनला नाजूक असतात. पुढच्या वेळी मेम्ब्रेन टाकी वेगळी बंद करून धुवायची, आणि उरलेला क्लोरीन संपल्याची चाचणी झाल्यावरच परतीचा पंप सुरू करायचा, असे कार्यपद्धतीत लिहिले.

दाब १५ वर टिकून आहे. फेरिकची मात्रा आजपासून ४ वरून ३ केली आहे आणि फॉस्फेटचा नमुना दिवसातून दोनदा, सकाळच्या जास्त आवकेच्या वेळी आणि रात्री, घेतला जाईल. सिरिंज आणि गाळण्या टाकीजवळच्या पेटीत ठेवल्या आहेत.